खेकडा कोळी ओळखताना या चुका टाळा

तूर फुलोऱ्यावर आली की वावरात फुलाला चिकटलेली, अजिबात न हलणारी मधमाशी दिसते. फवारणीनं मेली असेल, असं म्हणून माणूस पुढे जातो. तसं म्हणण्याआधी फूल जरा वाकवून खालून पाहा. बऱ्याचदा माशीची मान धरून पांढरा नाहीतर पिवळसर कोळी बसलेला असतो. मादी जेमतेम सेंटिमीटरभर, पोट मागच्या बाजूला रुंद, पुढच्या पायांच्या दोन जोड्या लांब आणि दोन्हीकडे पसरलेल्या. डिवचलं तर तिरपा सरकत पाकळीमागे जातो. हाच खेकडा कोळी. याच्या जबड्यांना चावून बारीक करणारे दात नसतात. बारीकशा छिद्रातून तो आतला रस शोषून घेतो, म्हणून माशी बाहेरून धडधाकट दिसते, आतून मात्र पोकळ. विषबाधेची शंका घ्यायची ती पोळ्याखाली किंवा मधपेटीपुढे माशांचा खच पडला असेल तेव्हा.

सगळ्यात महागात पडणारी चूक पुढची. वांग्यावर किंवा पऱ्हाटीवर ‘कोळी पडला’ असं कुणी सांगितलं की थेट कोळीनाशक आणलं जातं. पण ते औषध लाल कोळीसाठी असतं. लाल कोळी म्हणजे अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासची, पानाचा रस पिणारी कीड. ती पानाखाली झुंडीनं राहते, पानावर बारीक पांढुरके ठिपके पाडते आणि प्रादुर्भाव वाढला की पानाखाली तलम जाळीही विणते. खेकडा कोळी एकेकटा असतो, पीक खात नाही आणि शिकारीसाठी जाळं विणत नाही. त्यामुळे पानाखाली जाळी दिसली तर भिंगातून लाल कोळी शोधा. फुलावर एकटा, आठ पायांचा, डोळ्यांना सहज दिसणारा प्राणी बसला असेल तर पंप खाली ठेवा. औषधाचे पैसे आणि अंगावर येणारं विष, दोन्ही वाचतात.

दुमडलेलं पान दिसलं की तोडून चुरगाळायची सवयही जरा आवरा. तुरीत पानं गुंडाळणारी अळी असते हे खरं, पण खेकडा कोळ्याच्या अनेक जातींची मादीही पान दुमडून, धाग्यानं शिवून आत अंडी घालते. पान हलकेच उघडा. अळी किंवा तिच्या विष्ठेचे दाणे असतील तर नष्ट करा. पांढरी रेशमी पिशवी आणि तिच्यावर बसलेली मादी असेल तर आहे तसं राहू द्या.

पण म्हणून याच्या भरवशावर पीक सोडू नका. हा माश्या, पतंग, मधमाश्या, जे तावडीत येईल ते धरतो. मित्र-शत्रू असा भेद करत नाही. बोंडात शिरलेली गुलाबी बोंडअळी तर त्याच्या हाती लागतच नाही. कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग ओढून घेणारे) आणि बोंडं फोडून पाहणं चुकवू नका. तरीही त्याला मारायचं कारण मला दिसत नाही. तो नेतो त्या मधमाश्या मोजक्याच, आणि फुलोऱ्यात केलेली एक चुकीची फवारणी त्याहून कितीतरी जास्त मारते.

रंगावरून जात ठरवू नका. काही जातींची मादी पांढऱ्याची पिवळी होते आणि परत पांढरीही होते, पण त्याला काही दिवस लागतात. नर इतका लहान आणि वेगळा दिसतो की लोक त्याला दुसरीच जात समजतात. या कुळाचं नाव थोमिसिडी. स्वीडिश प्राणिशास्त्रज्ञ सुंडेवाल यांनी ते 1833 मध्ये मांडलं. अंटार्क्टिका सोडून जगभर पसरलेल्या या कुळात 2,100 हून अधिक जाती आहेत आणि सगळ्या काही फुलांवर बसत नाहीत. कुणी सालीवर राहतो, कुणी पालापाचोळ्यात. यातला फ्रायनारॅक्ने नावाचा कोळी पक्ष्याच्या विष्ठेसारखा दिसतो, तर अमायसिया नावाचा झाडावर पानांची घरटी करणाऱ्या लाल मुंग्यांसारखा. मोबाइलच्या फोटोवरून प्रजातीपर्यंत, म्हणजे जवळच्या जातींच्या गटापर्यंत, पोचता येतं, पण नेमकी जात ठरवायला बहुतेकदा सूक्ष्मदर्शकच लागतो. फोटो घ्यायचाच तर वरून एक आणि समोरून डोळ्यांचा एक घ्या. थोमिसस प्रजातीत कडेचे डोळे शिंगांसारख्या उंचवट्यांवर असतात.

घराच्या भिंतीवर रात्री धावणारा तळहाताएवढा कोळी मात्र यातला नाही. तो स्पॅरॅसिडी कुळातला, झुरळं खाणारा. पाय खेकड्यासारखे पसरलेले असल्यानं दोघांची गल्लत होते.

पावसाळ्यात सकाळी मानेवर किंवा गालावर लाल, जळजळणारा पट्टा उठतो आणि ‘अंगावरून कोळी फिरला’ असं म्हणत घरातले कोळी झाडूनं मारले जातात. पुष्कळदा तो पट्टा दिव्यावर येणाऱ्या पीडेरस नावाच्या बारीक, नारिंगी-काळ्या भुंगेऱ्याचा असतो. तो अंगावर चिरडला की त्याच्यातलं पीडेरिन कातडीला भाजतं. असा किडा अंगावर दिसला तर चिरडू नका, फुंकून उडवा. चिरडलाच गेला तर जागा लगेच साबण-पाण्यानं धुवा, तो हात डोळ्याला लावू नका आणि फोड आले तर दवाखान्यात दाखवा.