बिल्डरकडून भरपाई मागताना या चुका टाळा

फ्लॅटचा ताबा रखडला की महारेरा (रेरा या स्थावर मालमत्ता कायद्याखालचे राज्याचे प्राधिकरण), ग्राहक आयोग आणि दिवाणी न्यायालय या तिन्ही दारांवर एकदमच धडक दिली जाते. गफलत तिथूनच सुरू होते.

रेरा कायद्याच्या कलम ७९ मुळे अशा वादासाठी दिवाणी दावा चालत नाही. उरतात दोन दारे. इंपेरिया स्ट्रक्चर्स (२०२०) आणि आयरिओ ग्रेस (२०२१) या निकालांत सर्वोच्च न्यायालयाने ग्राहक आयोगाचा मार्गही खुला ठेवला, निवड खरेदीदाराची. मात्र एकदा निवडल्यावर त्याच मागणीसाठी दुसरीकडे जाता येत नाही. महारेराच्या तक्रार अर्जातच ‘हे प्रकरण अन्यत्र प्रलंबित नाही’ असे लिहून द्यावे लागते. आयोगात प्रकरण चालू असताना त्याखाली सही केली, तर स्वतःची तक्रार स्वतःच बुडवली म्हणून समजा.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे काय हवे हे न ठरवता अर्ज करणे. कलम १८ मध्ये दोन वाटा आहेत. प्रकल्पातून बाहेर पडा, भरलेली रक्कम व्याजासह परत घ्या. किंवा थांबा आणि ताबा मिळेपर्यंत दरमहा व्याज घ्या. दोन्ही एकत्र मिळत नाहीत. महाराष्ट्रात हे व्याज स्टेट बँकेचा सर्वोच्च एमसीएलआर (बँकेचा कर्जासाठीचा पायाभूत व्याजदर) अधिक २ टक्के या दराने लागते. अर्जापूर्वी त्याच भागातल्या तशाच फ्लॅटचा आजचा भाव काढा. भाव दुप्पट झाला असेल आणि इमारत प्लास्टरपर्यंत आली असेल, तर परतावा मागणे आमच्या मते तोट्याचे. काम पायातच अडकले असेल तर बाहेर पडण्याचा विचार करा, पण बिल्डरच्या नावे विकता येण्याजोगी मालमत्ता आहे का तेही पाहा. आदेश पाळला नाही तर वसुली वॉरंट जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते. जप्तीला काही नसेल तर ते कागदावरच राहते.

परतावा व व्याज महारेरा प्राधिकरणाकडे (फॉर्म ए) आणि भाडे, मनस्ताप यांची भरपाई रेरा कायद्यातल्याच न्यायनिर्णय अधिकाऱ्याकडे (फॉर्म बी) मागायची असते. हे एकाच कायद्यातले दोन अर्ज आहेत, दोन दारे नव्हेत. त्यामुळे भरपाईवर पाणी सोडू नका.

आयोगातली तक्रार मागे घेताना ‘महारेराकडे दाद मागण्याची मुभा ठेवून’ हे शब्द आदेशात उतरवून घ्या. आयोगाकडे तक्रार करण्याची मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून २ वर्षांची आहे. परतायची वेळ आली तर ती उलटलेली असू शकते.