पहिल्यांदाच परदेशात गाडी चालवणार? वय पंचवीसच्या आत असेल तर आधी हे वाचा

परदेशात फिरायला जायचं आणि तिथं गाडी भाड्यानं घेऊन स्वतः चालवायची, असं म्हणणारी एकवीस-बावीसची पोरं-पोरी आता आपल्या संभाजीनगर, लातूर, नांदेडकडं पण बरीच झालीत. कुणाची ताई लंडनला असते, कुणी चार दोस्त मिळून न्यूझीलंडचं ठरवायलेत. आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, इंटरनॅशनल लायसन्स कसं काढायचं? अरे ते तर सगळ्यात सोपं काम आहे. वेळ लागतो तो हातापायाला लागलेल्या सवयी मोडायला, त्यामुळं तिकीट काढलं की त्याच आठवड्यापासून तयारीला लागा.

आधी वयाचं बघू. तिथल्या कायद्यानं तुम्हाला गाडी चालवता येते म्हणून भाड्यानं गाडी मिळतेच असं नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बऱ्याच ठिकाणी कंपन्या २१ वय मागतात, लायसन्स कमीत कमी एक वर्ष जुनं मागतात आणि २५ च्या आत असाल तर रोजचा जास्तीचा चार्ज लावतात. मोठी गाडी मागितली तर सरळ नाही म्हणतात. आता गंमत अशी की बऱ्याच बुकिंग साईटवर ड्रायव्हरचं वय ३० ते ६५ असं आधीच टिक करून ठेवलेलं असतं, आपण स्वस्त दिसतंय म्हणून खुश होऊन बुक करतो आणि तिथं काउंटरवर गेल्यावर बिल वाढतं. ती टिक काढा, खरं वय टाका, मग दिसेल ती किंमत धरा. दोस्तांमध्ये कुणी पंचवीसच्या पुढचा असेल तर गाडी त्याच्या नावावर घ्या आणि चालवणारही तोच ठेवा. ज्याचं नाव कागदावर नाही त्यानं स्टेअरिंगला हातही लावायचा नाही, काही झालं तर इन्शुरन्स एक रुपया देणार नाही.

दुसरी अडचण कार्डची. डिपॉझिट ब्लॉक करायला मेन ड्रायव्हरच्या स्वतःच्या नावाचं क्रेडिट कार्ड मागतात, पप्पांचं कार्ड चालत नाही आणि डेबिट कार्डला बरेच जण नाही म्हणतात. नोकरी नसेल तर बँकेत एफडी ठेवून त्यावर क्रेडिट कार्ड मिळतं, ते दोन महिने आधी काढून ठेवा. रुपे नको, व्हिसा किंवा मास्टरकार्ड घ्या, ॲपमध्ये इंटरनॅशनल व्यवहार चालू करा आणि लिमिट डिपॉझिटपेक्षा चांगलं जास्त आहे का ते बघा.

आता परमिट, म्हणजे आपण ज्याला इंटरनॅशनल लायसन्स म्हणतो तेच. सरकारच्या लायसन्सच्या सारथी पोर्टलवर अर्ज करायचा, फॉर्म ४ए, फी १००० रुपये, सोबत लायसन्स, पासपोर्ट, व्हिसाच्या कॉप्या. तुमचं एमएच २० असो, २४ असो की २६, पद्धत तीच. एक वर्ष चालतं, पण मूळ लायसन्सची मुदत त्याआधी संपत असेल तर तेवढंच. हे परमिट एकटं चालत नाही, मूळ लायसन्सचं कार्ड सोबत लागतंच, आणि डिजिलॉकरमधलं लायसन्स तिकडं कुणी धरत नाही. ब्रिटनमध्ये पाहुणे म्हणून गेलात तर आपल्या लायसन्सवर १२ महिने चालवता येतं, न्यूझीलंडमध्येही इंग्रजीतलं चालू लायसन्स चालतं, इटली आणि जपानला मात्र परमिट पाहिजेच. मी म्हणेन लागो न लागो, काढून घ्या, हजार रुपयांसाठी काउंटरवर वाद नको. ऑनलाइन डॉलरमध्ये इंटरनॅशनल लायसन्स विकणाऱ्या साईट्सच्या नादी लागू नका, ते लायसन्सचं नुसतं भाषांतर असतं, परमिट नसतं. आणि पासपोर्टवरचं नाव, लायसन्सवरचं नाव एकसारखं आहे का ते आजच बघा, वडलांचं नाव एकीकडं आहे आणि दुसरीकडं नाही हा आपल्याकडचा नेहमीचा घोळ आहे.

देश कुठला? पहिल्या वेळेला आपल्यासारखं डावीकडनं चालवणाराच निवडा असं मला मनापासून वाटतं. ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, जपान, थायलंड, मॉरिशस, एवढे पर्याय आहेत. नवा रस्ता, नवी गाडी, नवे नियम, त्यात बाजू पण उलटी, इतकं सगळं एकदम डोक्यावर घ्यायची गरज नाही. अमेरिका आणि उरलेला युरोप दुसऱ्या खेपेला.

आता सवयींचं. आपल्याकडं चौकात जो आधी नाक घालेल त्याची गाडी आधी जाते. तिकडच्या गोल चक्करला तुमच्या उजवीकडनं येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, जागा मिळेपर्यंत लाइनीवर थांबायचं आणि मागच्यानं हॉर्न दिला तरी घुसायचं नाही. स्टॉपच्या बोर्डवर रस्ता रिकामा असला तरी चाकं पूर्ण थांबली पाहिजेत. ब्रिटनमध्ये झेब्रावर माणूस आला की थांबायचं म्हणजे थांबायचंच. समोरच्यानं लाइट मारली की आपण समजतो तो म्हणतोय बाजूला हो मी येतोय, तिकडं बहुतेक वेळा तो म्हणत असतो की तू जा, पण त्याच्या भरवशावर जाऊ नका, रस्ता स्वतः बघा. हॉर्न तर जवळजवळ विसराच, ब्रिटनमध्ये वस्तीत रात्री साडेअकरा ते सकाळी सात हॉर्न वाजवायला बंदीच आहे. आणि तिथले बोर्ड मैलात असतात, ७० म्हणजे आपले साधारण ११२.

याची प्रॅक्टिस इथंच करायची. समृद्धी महामार्ग आपल्या दारातनं जातो, संभाजीनगरजवळ सावंगीला चढा, जालन्याला उतरा, परत या. रॅम्पवरनं आरसा बघत मेन लेनमध्ये शिरणं, इंडिकेटर दिल्याशिवाय लेन न बदलणं, पुढच्या गाडीपासून अंतर ठेवणं, स्पीडचा काटा लिमिटखाली धरून कंटाळा आला तरी तसंच चालवणं, हे सगळं तिथं जमतं. शेजारी कुणीतरी अनुभवी बसवा आणि चुका लगेच सांगायला सांगा. गावात पण महिनाभर हॉर्न न वाजवता चालवून बघा, अवघड जाईल पण नजर लांबचं बघायला शिकते. कुणाकडं ऑटोमॅटिक असेल तर एकदा मागून घ्या, डावा पाय मोकळा ठेवायची सवय लागू द्या.

पोचल्या दिवशी गाडी घेऊ नका. आपण इथनं मुंबईला जातानाच एक रात्र जागतो, मग विमानात झोप नाही, उतरल्यावर डोळे उघडे असतात पण डोकं चालत नाही. एक रात्र झोपा, दुसऱ्या दिवशी उजेडात घ्या. बॅगेत धपाटे, चटणी असेल तर न्यूझीलंडला उतरताना फॉर्मवर खरं लिहा, खायचं लपवलं तर ४०० डॉलरचा दंड जागेवर होतो.

गाडी हातात आली की घाई नको. चारी बाजूनं, टायर, काच, छत, मीटर असा व्हिडिओ काढा, ओरखडा दिसला तर कागदावर लिहून घ्या. डॅमेज झालं तर तुमच्या खिशातनं किती जाणार, आणि टायर-काच कव्हरमध्ये येतात का, एवढे दोन प्रश्न स्पष्ट विचारा. पेट्रोल की डिझेल ते झाकणावर बघा. पार्किंगमध्येच दोन चकरा मारा, वायपर आणि इंडिकेटरच्या दांड्या कधी कधी आपल्या उलट असतात. मॅप आधीच डाउनलोड करून फोन स्टँडला लावा. इमर्जन्सी नंबर पाठ ठेवा, ब्रिटन ९९९, ऑस्ट्रेलिया ०००, न्यूझीलंड १११.

गाडी परत देताना टाकी करारात लिहिलीय तेवढी भरून द्या, पावती जपा, परत एक व्हिडिओ काढा. कॅमेऱ्यात स्पीड सापडला असेल तर दंड आधी कंपनीकडं जातो आणि तिथनं प्रोसेसिंग चार्ज लावून तुमच्या कार्डावर येतो, कधी कधी घरी आल्यावर बऱ्याच दिवसांनी, म्हणून ते कार्ड आल्या आल्या बंद करू नका आणि बुकिंगचा ईमेल रोज नसला तरी आठवड्याला एकदा उघडून बघत जा.