यंदा काडेपेटी मी घेतोय, तरीही तुम्ही घ्या

गेल्या डिसेंबरात आम्ही बारा जण बामणोलीजवळ कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाच्या काठाला मुक्कामी गेलो. तंबू, मसाला लावलेली कोंबडी, पोतंभर सरपण, सगळं होतं. काडेपेटी नव्हती. बारांत एकही बिडी ओढणारा नाही, आणि प्रत्येकाला वाटलं दुसऱ्यानं घेतली असेल. एकानं घरचा गॅसचा लायटर आणला होता. त्याच्या ठिणगीनं लाकूड पेटतं होय! शेवटी रात्री नऊला अंधारात वाडीवर गेलो. एका आजीनं चुलीतले निखारे राख घालून डालड्याच्या डब्यात दिले, वर म्हणाल्या, "पुण्याचे का रं?" साताऱ्याचे म्हणायची लाज वाटली.

यंदा पुन्हा तिथंच जायचंय, म्हणून काडेपेटी. एक नाही, तीन. पहाटे दव एवढं पडतं की तंबू आतून ठिबकतो, म्हणून एक झाकणाच्या बरणीत, एक गाडीत, एक माझ्या खिशात.

कपडे, टॉर्च, पांघरूण सांगत बसत नाही. स्वेटर मात्र खरा घ्या, फोटोतला नको. पेट्रोल आणि रोकड साताऱ्यातच. यवतेश्वरचा घाट चढून कासमार्गे बामणोली 35 किलोमीटरच्या आसपास आहे, पण रात्री तो रस्ता लांबतो. उजेडात पोचा.

तंबू कुणाच्या तरी रानात, मालकाला विचारूनच. पलीकडचं जंगल कोयना अभयारण्याचं, सह्याद्री व्याघ्र प्रकल्पातलं. तिकडं मुक्काम नाही म्हणजे नाही. वासोटा किल्ला करायचा तर वनखात्याची परवानगी आणि बोट सकाळीच बघा, ओळखपत्राच्या झेरॉक्स जवळ ठेवा. काठाच्या गाळात तंबू ठोकू नका, मेख धरत नाही. पोहायचं तर मुळीच नाही. हे धरणाचं पाणी आहे, खाली गाळ आणि बुडालेली गावं.

सरपण वाडीतून विकत घ्या, झाडं तोडू नका. डिसेंबरात गवत वाळलेलं असतं, म्हणून चूल मोकळ्या जागी आणि शेजारी पाण्याची घागर. चूल म्हटलं की काय लागतं? हां, तेच. बरणीतली.

प्यायचं पाणी, मीठ, दोरी, कचऱ्याला पोतं. निघताना निखारे विझवा, पोतं परत आणा. आणि त्या आजींना काडेपेट्यांचा एक पुडा द्यायचाय. तो कोण घेतोय, आत्ताच सांगा.