महासागरी शर्यतीच्या नौकेवर पहिल्यांदा जाताना: पाळी, झोप आणि कोरडे कपडे

महासागरी शर्यतीसाठी नवखा खलाशी बहुधा गाठी, शिडे आणि सुकाणू यांचा सराव करून येतो; पहिल्या आठवड्यात त्याला जेरीस आणतात ती मात्र अपुरी झोप, मेलेली भूक आणि ओली वस्त्रे. म्हणून तयारी तिथूनच सुरू करावी.

मोठ्या चमूच्या नौकांवर बहुधा दोन गट पाडून चार तास काम आणि चार तास विश्रांती असा क्रम दिवसरात्र चालवतात. काही ठिकाणी दिवसाच्या पाळ्या सहा तासांच्या असतात. विश्रांतीचे चार तास म्हणजे चार तास झोप, असा हिशेब करू नये. भिजलेले कपडे उतरवणे, खाणे आणि पुढच्या पाळीसाठी पुन्हा कपडे चढवणे यांत तासभर सहज जातो, आणि मध्येच शीड बदलण्यासाठी सर्वांना वर बोलावले तर उरलेली झोपही गेलीच. त्यामुळे पाळी संपताच पोटात काही घालून थेट आडवे व्हावे. पुढच्या गटाला वीसेक मिनिटे आधी उठवावे आणि उठवतानाच वारा किती आहे, पाणी डेकवर येते आहे का, हे सांगावे, म्हणजे त्यांना कपडे दोनदा बदलावे लागत नाहीत. पाच मिनिटे उशिरा वर येणाऱ्याबद्दल नौकेवर जितका राग साठतो, तितका वादळाबद्दलही साठत नाही.

बिछाने बहुधा माणसांपेक्षा कमी असतात; एकाने सोडलेल्या उबेतच दुसऱ्याने शिरायचे असते. नौका वीस-तीस अंश कललेली असताना खाली घरंगळू नये म्हणून बिछान्याच्या कडेचे कापड दोरीने घट्ट ताणून घ्यावे. पाय नाळेच्या, म्हणजे नौकेच्या पुढच्या टोकाच्या, दिशेला करून झोपावे, कारण लाटेवर आदळून नौका एकाएकी थबकली तर धक्का पायांनी झेलता येतो, डोक्याने नाही.

खाऱ्या पाण्याने भिजलेले कापड खऱ्या अर्थाने कधीच वाळत नाही, कारण त्यातले मीठ हवेतला ओलावा पुन्हा ओढून घेते. कपड्यांचा एक संच बंद पिशवीत ठेवून फक्त झोपण्यासाठी वापरावा आणि कितीही मोह झाला तरी तो घालून डेकवर जाऊ नये. सतत ओल्या जागी बसल्याने मांड्यांवर व कुल्ल्यांवर फोड येतात. रोज ओल्या पुसणीने ती जागा पुसून पूर्ण कोरडी करणे हाच त्यावर सोपा उपाय आहे.

लांबच्या शर्यतींत वजन वाचवण्यासाठी प्रामुख्याने गोठवून सुकवलेले अन्न नेतात. पिण्याचे पाणी समुद्राच्या पाण्यातले मीठ काढणाऱ्या यंत्रातून मिळते, आणि ते यंत्र बॅटरीवर चालत असल्याने पाणी जपून वापरावे. उकळते पाणी ओतताना जलरोधक पँट आणि बूट घालावेत. भाजण्याचा धोका इथे बुडण्याच्या धोक्याइतकाच खरा आहे. मळमळीवरचे औषध किनारा सोडण्यापूर्वीच घ्यावे, कारण ओकाऱ्या सुरू झाल्यावर गोळी पोटात टिकत नाही. त्रास झालाच तर सुकाणू मागून घ्यावे आणि क्षितिजाकडे पाहावे.

सुरक्षादोराच्या बाबतीत मात्र सवलत नाही. दाराबाहेर पाऊल टाकण्यापूर्वीच हूक अडकवावा, आणि जागा बदलताना दुसरा हूक अडकवल्याशिवाय पहिला काढू नये. मार्च 2018 मध्ये केप हॉर्नच्या पश्चिमेला, दक्षिण महासागरात, एका अनुभवी खलाशाने डेकवर पुढे जाण्यासाठी दोर सोडला होता. त्याच क्षणी शीड अचानक एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला फिरले आणि तो समुद्रात फेकला गेला. तो सापडला नाही. लघवीसाठी रात्री कठड्याशी उभे राहण्याची पुरुषांची सवय याच कारणाने मोडावी आणि खाली शौचालयात बसूनच उरकावे.

विषुववृत्ताजवळ वारा पडला की अंगाला गोडे पाणी लागण्याची संधी येते. काळा ढग दिसताच सगळे साबण घेऊन डेकवर धावतात. आधी शीड लहान करावे, कारण अशा ढगाखाली पावसाआधी वाऱ्याचा झोत येतो. आणि ढगाचा आकार पाहूनच डोक्याला साबण लावावा. फेस असतानाच पाऊस थांबला, तर तो खाऱ्या पाण्याने धुवावा लागतो.