एकच टँगो, दोन वाद्यवृंद : ऐकायचा कसा

गेली २२ वर्षं मी भजनाला पेटीची साथ करतो. त्यामुळे अर्जेंटिनातल्या ब्युनोस आयर्सच्या टँगोत, म्हणजे तिथल्या नाचाच्या संगीतात, माझा कान आधी गेला तो बँडोनिऑनकडे. पेटीसारख्याच धातूच्या पट्ट्या, भात्याची हवा. पण भाता दोन्ही हातांत धरायचा, बटणं ७१, आणि एकाच बटणाला भाता उघडताना एक सूर तर मिटताना बहुतेक वेळा दुसराच! असली चार-पाच बँडोनिऑनं, तेवढीच व्हायोलिनं, पियानो आणि डबल बास, एवढ्यात वाद्यवृंद भरतो.

सुरुवात 'ला कुम्पार्सिता'ने करा. उरुग्वेतल्या मोंतेव्हिदेओच्या मातोस रोद्रिगेसची ही चाल सगळ्यांनीच वाजवली आहे. हुआन दारिएन्सोच्या वाद्यवृंदाचं १९३७चं ध्वनिमुद्रण लावा. पहिल्या वेळी चालीकडे लक्षच देऊ नका, पायाने ठेका धरा. बँडोनिऑनचे सूर तुटक येतात, पाय आपोआप हलतो. दुसऱ्या वेळी फक्त ओळ जिथे संपते ती जागा पकडा. पियानोवर रोदोल्फो बिआजी आहे. त्या रिकाम्या जागेत तो चमकता भरणा टाकतो आणि पुढची ओळ सुरू व्हायच्या आत बाजूला होतो. साथीदाराने शिकावं असं आहे ते.

मग लगेच कार्लोस दी सार्लीच्या वाद्यवृंदाचं १९५५चं लावा, मध्ये दुसरं काही ऐकू नका. चाल तीच, पण इथे व्हायोलिनं लांब गज ओढतात आणि दी सार्ली स्वतः पियानोवर बसून डाव्या हाताच्या खर्जाने ओळीला ओळ जोडतो. मी हे आधी मोबाईलच्या स्पीकरवर ऐकलं आणि तो डावा हात मला ऐकूच आला नाही. हेडफोन हवेच.

दारिएन्सो म्हणजे नुसता ठेका, असं एवढ्यावर ठरवलंत तर अन्याय होईल. त्याच वाद्यवृंदाचा 'देस्दे एल आल्मा' हा व्हाल्स, म्हणजे तीन मात्रांचा वॉल्ट्झ, ऐका. एक-दोन-तीन मोजा, वजन एकावर ठेवा. टँगोत टोचणारे तेच सूर इथे झोका देतात. शेवटी 'ला पुन्यालादा' ही मिलोंगा, म्हणजे टँगोचीच चपळ बहीण. आठ बारीक मात्रा धरा आणि तीन-तीन-दोन अशा गटांच्या पहिल्या मात्रेवर टाळी द्या. टाळी चुकायला लागली तर डबल बास धरा, तो सोडणार नाही. मला हे हाताला बसायला आठवडा लागला, रोज रात्री पेटी मिटल्यावर दहा मिनिटं.