जुन्या लॅपटॉपवर फोर्ट्रान: टर्मिनलवर नवीन असणाऱ्यांसाठी

फोर्ट्रान म्हणजे आकडेमोडीसाठीची जुनी प्रोग्रामिंग भाषा. एमएस्सी फिजिक्सला आलेले पोट्टे नेहमी विचारतात, भाऊ फोर्ट्रानसाठी कोणतं सॉफ्टवेअर टाकू. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यात राहूनच शिकलो, म्हणून सांगतो, मोठं काहीच टाकू नका. उबुंटू लिनक्स असेल तर रेंज असताना टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, एकदा 'सुडो एपीटी इन्स्टॉल जीफोर्ट्रान' मारा, बस. जीफोर्ट्रान हा कम्पायलर, म्हणजे आपण लिहिलेल्या कोडची चालणारी फाइल बनवणारा प्रोग्राम. मग नेट असो नसो, लाइन गेली तरी बॅटरी आहे तोवर काम चालू राहते, आणि जुना लॅपटॉपही आरामात चालतो.

प्रोग्राम साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये लिहायचा, टर्मिनलमध्ये जीफोर्ट्रान, फाइलचं नाव, डॅश ओ आणि तयार होणाऱ्या फाइलला पाहिजे ते नाव. डॅश ओ दिलं नाही तर ए डॉट आउट बनते. चालवताना नावाच्या आधी डॉट-स्लॅश लावा, इथं खूप जण अडकतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. फाइलच्या नावाच्या शेवटी डॉट एफ ठेवलं तर कम्पायलर ती जुन्या पद्धतीची समजतो, डॉट एफ९० ठेवलं तर नव्या. जुनी पद्धत म्हणजे पंचकार्डची, म्हणजे भोकं पाडून कोड लिहायच्या पुठ्ठ्याच्या कार्डाची. जॉन बॅकसच्या टीमनं १९५७ मध्ये आयबीएम ७०४ साठी फोर्ट्रान आणलं तेव्हा प्रोग्रामची एकेक ओळ ८० कॉलमच्या कार्डावर असायची: पहिले ५ कॉलम लेबलला, म्हणजे ओळीला दिलेल्या नंबराला, ६ वा आधीची ओळ पुढं चालू आहे हे सांगायला, खरा कोड ७ ते ७२ मध्येच. म्हणून डॉट एफ फाइलमध्ये पहिल्या कॉलमपासून लिहिलं की 'नॉन-न्यूमेरिक कॅरेक्टर इन स्टेटमेंट लेबल' असा एरर येतो, आणि ७२ च्या पुढचं तर कम्पायलर वाचतच नाही! सरांनी दिलेला जुना कोड असेल तर हे आधी पाहा. स्वतःचं नवीन लिहून रायले असाल तर सरळ डॉट एफ९०.

एरर ढीगभर आले तरी घाबरू नका, पहिला वाचा, तेवढाच दुरुस्त करा, परत कम्पाइल करा, खालचे बरेचसे त्याच्यामुळंच आलेले असतात.

पण माझ्या मते एररपेक्षा चुपचाप येणारं चुकीचं उत्तर जास्त वाईट. आपल्याकडं मे महिन्यात ४५ डिग्री असते, म्हणजे ११३ फॅरनहाइट. त्याचं परत सेल्सिअस करायला ११३ मधून ३२ वजा करून कंसात ५/९ लिहून गुणलं तर उत्तर शून्य येईल, काहून की दोन्ही पूर्णांक आहेत आणि भागाकारातला अपूर्णांक गळून पडतो. ५.०/९.० लिहा, ४५ येते. कम्पाइल करताना डॅश कॅपिटल डब्ल्यू, त्याला जोडून ऑल, एवढं दिलं की असल्या भागाकाराची वॉर्निंग आधीच मिळते. प्रोग्रामच्या सुरुवातीला 'इम्प्लिसिट नन' लिहाच, नाहीतर नावाचं स्पेलिंग चुकलं की फोर्ट्रान त्याला नवीन व्हेरिएबल धरते, आय ते एन अक्षरानं सुरू झालं तर पूर्णांक, बाकी रिअल. आणि जून ते सप्टेंबरच्या पावसाचे रोजचे १२२ आकडे ॲरेत, म्हणजे एकाच नावाच्या यादीत, ठेवले आणि लूप १२३ पर्यंत गेला, तर कम्पाइल करताना 'डॅश एफचेक इक्वल टू ऑल' दिलेलं असलं की प्रोग्राम तिथंच थांबून लाइन नंबर सांगतो.

नोकरीचं खरं सांगतो, नुसत्या फोर्ट्रानवर जागा कमी आहेत. पण डब्ल्यूआरएफ सारखं हवामानाचं मॉडेल, लॅपॅक सारखी मॅट्रिक्सची लायब्ररी, हे मुख्यतः फोर्ट्रानमध्येच आहे, त्यामुळे पुण्याच्या आयआयटीएम (भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था) सारख्या ठिकाणी हवामानात काम करायचं डोक्यात असेल तर आत्ताच हात बसवा. एवढं जमलं की पुढं लॅपॅक लिंक करून पाहा, फक्त कमांडमध्ये डॅश स्मॉल एल, त्याला जोडून लॅपॅक आधी, तसंच डॅश स्मॉल एल, त्याला जोडून ब्लास (लॅपॅकला लागणारी लायब्ररी) नंतर, आणि दोन्ही फाइलच्या नावानंतर.