मुळी, पाला की साल? औषधी वनस्पतीचा कस बघून काढणी कशी करावी

नुसतं ‘अश्वगंधा’ म्हटलं की माझा पहिला प्रश्न असतो, मुळी की पाला? औषध म्हणून परंपरेनं मुळी वापरतात, पण विथाफेरिन-ए हा घटक पानांत जास्त असतो. वनस्पती एकच, माल दोन वेगळे.

१. आधी घटक ठरवा, मग भाग.
दालचिनीचंच झाड घ्या. खोडाच्या सालीत सिनॅमाल्डिहाइड (दालचिनीचा ओळखीचा वास याचाच), पानांच्या तेलात मुख्यतः युजेनॉल (म्हणजे लवंगेचा वास!) आणि मुळांच्या सालीत कापूर. सदाफुलीच्या पानांत कर्करोगावरची विनक्रिस्टीन आणि विनब्लास्टीन सापडतात, तर रक्तदाबावरचं अजमॅलिसिन मुळांतून काढतात. सदाफुली विषारी आहे, तेव्हा तिचे घरगुती प्रयोग नकोतच.

२. झाडाचं वय ओळखा.
इथेच बहुतेकांचं चुकतं. महिने मोजून भागत नाही, झाडाकडे बघावं लागतं. पेपरमिंटच्या कोवळ्या पानात मेन्थोन हा सुवासिक घटक जास्त असतो. पान जून होत जातं तसं मेन्थोनचं थंडावा देणारं मेन्थॉल बनतं. म्हणून शेंड्याचं पान आणि खालचं पान वेगवेगळं चुरडून हुंगा, फरक नाकालाच कळतो. पण फार थांबलात तर फुलोऱ्यात मेन्थोफ्युरान हा नकोसा घटक वाढतो आणि तेलाचा दर्जा उतरतो. फुलं नुकती येऊ लागली की कापणी करावी.

धन्याचं उदाहरण मला सगळ्यात आवडतं. हिरवं फळ बोटांत चुरडलं तर ढेकणासारखा वास येतो, तो अल्डिहाइड नावाच्या उग्र वासाच्या घटकांचा. तेच फळ पिकून वाळलं की लिनालूल हा सुगंधी घटक वरचढ होतो आणि ओळखीचा गोड सुवास येतो.

अश्वगंधेची मुळी साधारण १५० ते १८० दिवसांनी खणतात. पानं वाळू लागली आणि फळं लाल-केशरी झाली की समजावं. हळदीचा पाला पिवळा पडून वाळला की कंद तयार झाले.

३. तोडताना भाग मिसळू देऊ नका.
मलेरियावरचं आर्टेमिसिनिन ज्या आर्टेमिसियापासून मिळतं, तिच्या पानांवरच्या आणि फुलांवरच्या बारीक ग्रंथींत ते साठतं. जाड देठांत नगण्य. देठासकट वजन भरलं की कस पातळ झालाच. कोरफडीत तर सालीलगतचा पिवळा चीक आणि आतला पारदर्शक गर हे दोन निराळे पदार्थ आहेत. चिकातलं अलॉइन तीव्र रेचक आहे, त्यामुळे गर हवा असेल तर चीक आधी निथळू द्या.

४. सुवासिक पाला सावलीत, पातळ पसरून वाळवा. कडक उन्हात तेल उडून जातं.

५. डब्यावर चिठ्ठी लावा: वनस्पती, भाग, अवस्था, तारीख. ‘पेपरमिंट, पाला, पहिली फुलं दिसताना’ एवढं लिहिलेलं असलं तरी पुढच्या तोडीशी ताडून बघता येतं.